श्वासाची झालर

"काका, आता तुम्ही बसा," डॉक्टर म्हणाल्या. मला वाटलं, बराच वेळ उभा आहे म्हणून सांगताहेत. मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. "तिथे नाही, इथे." त्यांनी मोठ्या खुर्चीकडे बोट केलं. प्रियदर्शिनी नुकतीच त्या खुर्चीवरून उठून, बधिर नाक चोळत, वडिलांबरोबर बाहेर गेली होती. मी म्हणालो, "मला काही झालेलं नाही." त्या म्हणाल्या, "असेलही. पण तुम्ही हे असं किती वर्षं बोलता?" हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. माणूस बोलतो तसा बोलतो. मी हसलो असेन बहुतेक. मला उत्तर सुचलं नाही की मी हसतो, आणि माझं हसूही बाहेर ऐकू जात नाही, हे त्या खुर्चीत बसताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

मी तिथे गेलो होतो तो प्रियदर्शिनीसाठी. आठ वर्षं ती माझ्याकडे गाणं शिकते आहे. राहायला कामोठ्याला, वडील हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी. मूळचे साताऱ्याकडचे. जूनपासून तिला उलव्याच्या एका नवीन शाळेत संगीत शिक्षिकेची तात्पुरती नोकरी लागली होती. दिवाळीनंतर कायम करू म्हणाले होते. पण तिसऱ्या तासाला तिचा आवाज बसायचा. पाचव्या तासाला ती पोरांना नुसती हातवारे करून शिकवायची. "सर, वरून विमान गेलं की पोरं गप्प बसतात आणि मला बरं वाटतं," ती म्हणाली होती. "तेवढाच गळ्याला आराम." मुख्याध्यापिकेने एकदा दारात उभं राहून तास ऐकला आणि जाताना विचारलं, तब्येत बरी नाही का. त्यानंतर हौसेराव स्वतः माझ्या बेलापूरच्या घरी आले. दारातच चपला काढत म्हणाले, "मास्तर, आमच्या घरात समदे बोंबलनारे. म्या मार्केटात हाळी दिली की पल्याडच्या गाळ्यातला मानूस वळून बघतोय. हिची आई भांडाय लागली तर सोसायटीचा वॉचमन वर येतोय. मग ह्या पोरीचाच आवाज असा कसा वो?" मी म्हणालो, गाण्याचा आवाज वेगळा असतो. त्यांनी मान डोलावली. मास्तर म्हणतात म्हणजे तसंच असणार, अशी ती मान होती. तरी उद्या तिला डॉक्टरकडे नेतो म्हणाले. तुम्ही पण चला, गाण्यातलं आम्हाला काय कळतंय.

म्हणून मी तिच्या नाकातून आत गेलेली ती काळी बारीक नळी बघितली, आणि तिच्या टोकाशी असलेल्या दिव्याने पडद्यावर जे दाखवलं तेही बघितलं. आयुष्यभर मी गळा हा शब्द वापरला. गळा तयार करणं, गळ्यात फिरत असणं, गळ्यावर चढणं. पण त्या शब्दाच्या आत काय असेल हे बघावंसं मला कधी वाटलं नव्हतं. मी वाचणारा माणूस आहे. सरकारी कचेरीत कारकुनी केली ती टेबलाच्या खणात पुस्तक ठेवून. नाद बेंबीत उठतो, हृदयात मंद्र होतो, कंठात मध्य आणि टाळूवर तार, हे संस्कृतातलं मी पाठ म्हणून दाखवू शकतो आणि मुलींना दाखवलंही आहे. पडद्यावर बेंबी नव्हती, हृदयही नव्हतं. ओल्या गुलाबी मांसात दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या. वरच्या टोकाला त्या जोडलेल्या, खाली फाकलेल्या. डॉक्टर संघमित्रा पेन्सिलीने दाखवत होत्या. "बघा, दोन्ही छान आहेत. गाठ नाही, सूज नाही. आता खोक." प्रियदर्शिनी खोकली. पट्ट्या फाटकन मिटल्या. "आता गा. शाळेत गातेस तसं." तिने सा लावला, माझा सा, आणि पट्ट्या एकमेकींच्या जवळ आल्या आणि थांबल्या. मध्ये एक फट राहिली. लांबट, काळी. स्वर चालू होता आणि त्या फटीतून हवा जात होती. "बंद होतात, पण गाताना ही बंद करत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे जन्माचं नाही, शिकलेलं आहे. म्हणून दमते. कोणाकडे शिकतेस?" प्रियदर्शिनीने नाकात नळी असतानाच डोळ्यांनी माझ्याकडे दाखवलं. मी म्हणालो, "माझ्याकडे." एवढंच म्हणालो. तो एक शब्द ऐकून डॉक्टरांनी मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे न बघता मानेकडे बघितलं, कॉलरच्या वर, जिथे एक जुनी आडवी रेघ आहे.

नाकात फवारा मारल्यावर घशात कडू उतरतं आणि मग घसा आपला राहत नाही. गिळलं की नाही तेही कळत नाही. "ई म्हणा, काका. लांब ई." मी ई म्हणालो. पडद्यावर पुन्हा तेच गुलाबी, त्याच पांढऱ्या पट्ट्या. या मात्र म्हाताऱ्या, पिवळसर. उजवी आली. डावी आली नाही. मला वाटलं यंत्र अडकलं. डॉक्टर म्हणाल्या, "पुन्हा." उजवी पट्टी मध्य ओलांडून पलीकडे गेली, धडपडत, दुसऱ्याच्या वाटचं कामही आपणच करावं तशी, आणि डावी आपल्या जागी पडून होती. जुन्या घरांच्या दाराची एक झडप वर्षानुवर्षं कडी लावून ठेवलेली असते, ये-जा सगळी दुसरीतून, आणि घरातली माणसं ती झडप उघडते हेही विसरून जातात, तशी. मधून हवा जात होती. मुलीच्या गळ्यात बघितली तीच फट. आकारही तोच. "खोका," त्या म्हणाल्या. मी खोकलो. कोणी दिवा विझवायला फुंकर मारावी तसा आवाज आला. माझा खोकला नेहमी तसाच येतो.

त्यांनी मला पाण्याचं विचारलं. पाणी पिताना ठसका लागतो का? लागतो. हनुवटी खाली घालून घोट घोट पितो. शालन, माझी बायको, चारचौघांत म्हणते, आमचे हे चिमणीसारखे पाणी पितात. मानेवरचं ऑपरेशन कधीचं? चोविसाव्या वर्षी, थायरॉइडची गाठ होती. त्यानंतर आवाज गेला होता का? दोन-तीन महिने अजिबात नव्हता, मग आला. "आला तो असाच ना?" हो, असाच. त्या म्हणाल्या, त्या गाठीच्या मागूनच स्वरयंत्राची नस जाते, कधी कधी दुखावते, कोणाची चूक असतेच असं नाही. त्या काळी कोणी आत नळी घालून बघितलं नसणार. मग आणखी एक गोष्ट त्या सहज म्हणाल्या, हात पुसता पुसता. "नसेला कोणी घाबरट म्हणत नाही, काका. पण आवाजाला म्हणतात." त्यांना हे कसं कळलं ते मला माहीत नाही. माझ्यासारखे खूप येत असतील.

बुवांनी मला घाबरटच म्हटलं होतं. मी त्यांच्याकडे सहा वर्षं शिकलो. त्यांची पद्धत एकच: समोर बसायचं, तोंडाकडे बघायचं आणि ते गातील तसं गायचं. का असं विचारायचं नाही. गळ्यात काय आहे ते बघायला लागलास की गाणं गेलं, असं ते म्हणत. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसलो आणि सा लावला, तेव्हा ते बराच वेळ पानाचा डबा उघडझाक करत राहिले. मग म्हणाले, "सुरी गळ्याला लागली, पण भीती तुझ्या मनाला बसली आहे. मन मोकळं कर, आवाज येईल." मी मन मोकळं करत राहिलो. पहाटे उठून, खर्ज लावून, डोळे मिटून मनात कुठे भीती बसली आहे ते शोधत राहिलो, आणि शोधणाऱ्याला भीती सापडतेच. वर्षभराने बुवांनी शिकवणं थांबवलं. रागावले नाहीत. फक्त माझी वेळ दुसऱ्याला दिली. तेव्हापासून मी स्वतःला भित्रा माणूस म्हणून ओळखतो. बसमध्ये दाराजवळ बसतो, कारण थांबवा म्हणून ओरडायचं धाडस आपल्यात नाही. कचेरीत मीटिंगला बोलायचं असेल तर चिठ्ठी पुढे सरकवायची, कारण आपल्याला चारचौघांत संकोच वाटतो. शालनला हाक मारायची तर टाळी वाजवतो. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिने आईला म्हणे सांगितलं होतं, मुलगा फार सौम्य बोलतो, याच्याशी करा. तिचे वडील घरात ओरडायचे. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि तो कशावर उभा राहिला याचा विचार मी खुर्चीत बसल्या बसल्या करू लागलो आणि थांबवला. मी कधीच लाजाळू नव्हतो की काय? लहानपणी कसा होतो ते आठवेना. आठवायला गेलो की जो मुलगा दिसायचा तोही आताच्याच आवाजात बोलायचा.

बाहेर हौसेराव उसाच्या रसाचे ग्लास घेऊन उभे होते. "काय म्हनल्या बाई? मास्तरांना पण पकडलं की," ते हसले. मी हातानेच काही नाही म्हणून दाखवलं. प्रियदर्शिनीने फक्त तिच्याबद्दलचं ऐकलं होतं: पट्ट्या चांगल्या आहेत, जोडून गायची सवय कर, एका बाईंकडे जाऊन गळ्याचे व्यायाम शीक. तिचा चेहरा उतरला होता. "सर, डॉक्टरांना गाण्यातलं काय कळतं? मी आवाज तसा जोडला तर आपला आवाजाचा लगाव जाईल. झालर जाईल." हौसेराव म्हणाले, "कसली झालर? पडद्याला असती ती?" ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला नाही कळणार. सरांनी लेख लिहिलाय त्याच्यावर." लिहिला होता खरा. एका दिवाळी अंकात, बारा वर्षांपूर्वी. स्वराच्या कडेला श्वासाची झालर असते, स्वर आणि मौन यांच्यामधली ती सीमा आहे, असं बरंच काही. संदर्भ दिले होते, तळटिपा दिल्या होत्या. काही लोकांनी पत्रं पाठवली. एका कार्यक्रमात कोणी तरी माझ्या मुलींचं गाणं ऐकून म्हणालं की डोळे मिटले तरी ओळखू येतं या कोणाच्या ते, आणि घरी येईपर्यंत मी तेच वाक्य मनात घोळवत होतो. मोठं घराणं असतं त्यांच्याबद्दल असं बोलतात. माझ्या वाट्याला ते यावं याचा मला आनंद झाला होता आणि आपली तेवढी लायकी नाही अशी धाकधूकही वाटली होती. धाकधूक बरोबर होती, कारण मात्र भलतंच निघालं.

"थांबा, तुम्हाला एक गंमत दाखवते," मला बरं वाटावं म्हणून प्रियदर्शिनीने मोबाइल काढला. तिच्या तिसरीच्या वर्गाचा व्हिडिओ होता. चाळीसेक मुलं, निळे चौकड्यांचे शर्ट, हात मागे बांधून प्रार्थना म्हणत होती. रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या म्हणून मी फोन कानाला लावला. मुलं सुरात होती. ती सुरात शिकवते. पण एवढी आठ-आठ वर्षांची मुलं, मैदानात किंचाळणारी, आणि त्यांच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी हवा सुटत होती. चाळीस तोंडांतून एकच उसासा. पुढच्या ओळीतला एक दात पडलेला मुलगा मान डावीकडे कलती करून गात होता. तशी मान मी करतो. तशी केली की मला आवाज थोडा बरा लागतो, का ते मला माहीत नव्हतं. मी प्रियदर्शिनीला कधी मान कलती कर म्हणालो नव्हतो, तिने त्याला सांगितलं नसणार. समोर बसायचं, तोंडाकडे बघायचं आणि तसं गायचं. चोविसाव्या वर्षी माझ्या मानेत एक धागा तुटला, आणि तो तुटलेलाच पुढे दिला गेला, हातातून हातात, जपून, आदराने. "गोड आहेत ना, सर?" ती म्हणाली. मी ग्लास तोंडाला लावला आणि हनुवटी खाली घालायला विसरलो. रस श्वासात गेला. हौसेरावांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. "हळू, मास्तर, हळू," ते म्हणत होते आणि त्यांच्या त्या साध्या बोलण्यानेसुद्धा रसवाल्याच्या टपरीचा पत्रा थरथरत होता, किंवा मला तसं वाटलं.

त्यानंतरचे दिवस मी वाचत घालवले. दुसरं मला काही येत नाही. स्वरयंत्राची चित्रं असलेली पुस्तकं काढली, नसा बघितल्या. ती नस छातीत उतरते, एका मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्याकडे येते. एवढा लांबचा वळसा कशासाठी, कोण जाणे. नाद हृदयात मंद्र होतो म्हणणाऱ्यांना हे माहीत होतं का, असा वेडगळ विचार मनात आला आणि मी तो हाकलला. मला पुन्हा तळटीप लिहायची नव्हती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, एक इंजेक्शन असतं, पडलेली पट्टी थोडी मध्ये ढकलता येते, या वयातही फरक पडतो. मी शालनला सांगितलं नाही. ती पोळ्या लाटत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिच्याकडे बघत राहिलो. दुसऱ्या आवाजात मी तिच्याशी काय बोललो असतो? तिने दुसऱ्या आवाजाच्या माणसाशी लग्न केलं असतं का? "काय हवंय?" तिने विचारलं. मी काही नाही म्हणून मान हलवली. पण खरा प्रश्न माझा नव्हता आणि मला तो टाळता येत नव्हता. माझ्या आवाजाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. प्रियदर्शिनीची दिवाळी यायची होती. तिने जोडून गायला हवं, नाही तर तिची नोकरी जाणार, गळाही जाणार. आणि ती जोडून गाणार नव्हती, कारण तिला वाटत होतं की तसं करणं म्हणजे मला सोडणं. ही गाठ मलाच सोडवता येणार होती, आणि त्यासाठी मला मोठ्याने बोलावं लागणार नव्हतं. फक्त बोलावं लागणार होतं. तरी मी दोनदा फोन उचलून ठेवला. सांगितलं तर तिच्याकडे काय उरेल? आठ वर्षं तिने जे जिवापाड जपलं ते आजारपण होतं असं सांगायचं? मी असाही विचार केला की न सांगता हळूहळू बदल करावा, कोणाला कळणार नाही असा. भित्रा माणूस असाच विचार करेल. मग मला आठवलं की मी भित्रा आहे याला आता पुरावा उरलेला नाही.

रविवारी ती आली. नेहमीप्रमाणे सतरंजी अंथरली, इलेक्ट्रॉनिक तंबोरा काळी चारच्या सुरावर लावला, पाण्याचं भांडं माझ्या उजव्या हाताला, त्या तंबोऱ्याच्या पेटीवर ठेवलं आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी सा लावायची ती वाट बघत होती. मी म्हणालो, "खोक."

"काय, सर?"

"दवाखान्यात खोकलीस तशी खोक."

ती खोकली. कोणी फळकूट मोडावं तसा कोरडा, घट्ट आवाज. मग मी खोकलो. तिला हसू आलं. तिला वाटलं मी मुद्दाम तसं केलं. मी पुन्हा खोकलो. मग तिचं हसू थांबलं. मी कॉलरचं बटण काढलं आणि रेघेवर बोट ठेवलं. "डावीकडची पट्टी हलत नाही. या ऑपरेशनपासून. परवा मला त्याच खुर्चीत बसवलं ते यासाठी." तंबोरा चालू होता. तिने तो बंद करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ती म्हणाली, "मग झालर?"

"झालर नाही ती. गळती आहे."

ती सतरंजीच्या दशा विंचरत बसली. मला वाटलं ती उठून जाईल, आणि तिने जावं असंही वाटलं. तिने वर बघितलं तेव्हा तिच्या तोंडावर राग होता. माझ्यावरचा असावा. "पण मला तेच आवडतं, सर. मला तसंच गायचंय. ते खोटं होतं का?" मी म्हणालो, "माझ्या गळ्यात खरं होतं. तुझ्या गळ्यात ती नक्कल आहे." एवढं बोलताना मला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला. ती तो श्वास ऐकत होती. आठ वर्षांत तिने तो लगाव म्हणून ऐकला होता. आता कसा ऐकत होती, मला कळलं नाही. "मग मी काय ऐकून गाऊ?" ती म्हणाली. "तुम्ही गायचं आणि मी गायचं, एवढंच मला येतं."

मलाही एवढंच येत होतं. पुस्तकात तिथे चित्र होतं: पट्ट्या मिटलेल्या, खालून श्वासाचा दाब. ते चित्र गाऊन दाखवता येत नाही, निदान मला तरी नाही. मी म्हणालो, "घरी वडील गॅलरीत असले आणि तू आत असलीस, तर हाक कशी मारतेस?" ती म्हणाली, "पप्पाला? जोरात." "मार." ती लाजली. इथे गाण्याच्या खोलीत कोणी हाक मारत नाही. "मार," मी पुन्हा म्हणालो. तिने दाराकडे तोंड करून हाक मारली, "पप्पा." तिच्या आवाजात वाशीचं मार्केट होतं, साताऱ्याचं शिवार होतं, आणि फट नव्हती. "तो 'प' सोडून दे. मागे जो आ राहतो तो धर. जोर नको, हाकेतला मिटलेपणा तेवढा ठेव. आणि त्यावर सा ठेव." तिने डोळे मिटले नाहीत, मान कलती केली नाही. पहिल्यांदा जुनाच सा आला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती हाक मारता मारता थांबली आणि तिथूनच स्वर निघाला.

मी दचकलो. आवाज मोठा नव्हता. पण त्याला कड होती. तो तंबोऱ्याला टेकला आणि तंबोऱ्याच्या पेटीवरचं स्टीलचं भांडं बारीक किणकिणायला लागलं. असा स्वर या खोलीत कधी लागला नव्हता. माझ्या कोणत्याच मुलीचा लागला नव्हता, आणि आता मला त्या सगळ्या आठवायला लागल्या, एकेक, आपापल्या घरी आपापल्या मुलांना झोपवताना गाणाऱ्या. प्रियदर्शिनीही दचकली होती. तिने स्वर सोडला नाही. भुवया वर गेल्या आणि तशाच राहिल्या. श्वास संपेपर्यंत ती गात राहिली, आणि तिचा श्वास संपतच नव्हता, कारण तो कुठे सांडत नव्हता.

आतून शालनने विचारलं, "अहो, नवीन कोणी आलंय का?"

माझे हात टाळीसाठी वर आले. टाळीने हाक मारता येते, उत्तर देता येत नाही. माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला नसता. प्रियदर्शिनीने माझ्या अर्धवट उचललेल्या हातांकडे बघितलं आणि तिथूनच, बसल्या जागेवरून, म्हणाली, "मीच आहे, काकू."

आत लाटणं थांबलं. मग शालन म्हणाली, "तू? मग पुन्हा म्हण बघू."

प्रियदर्शिनी माझ्या तोंडाकडे बघायला लागली, नेहमीच्या सवयीने, मी आधी म्हणेन म्हणून. मी खाली, थरथरणाऱ्या भांड्यातल्या पाण्याकडे बघत राहिलो.